एकोणीस जणांची एकच चूक

१

परीक्षेला बावीस जण बसले आणि त्यांतल्या एकोणीस जणांनी एकच चूक केली. आता चुका कोण करत नाही? पण चुकीचं असं असतं, की ज्याची त्याची वेगळी असते. एकोणीस माणसं एकाच शब्दावर घसरली म्हणजे तिथे कुणीतरी तेल ओतून ठेवलंय, हे कळायला फार अक्कल लागत नाही.

संस्था इंग्रजी शिकवणारी. खाली कार्यालय, वर चार वर्ग, आणि जिन्यात कायम खडूचा वास. तिथल्या शेवटच्या परीक्षेचा मोठा प्रश्न ठरलेला असायचा. टेबलावर बारा वस्तू मांडायच्या आणि प्रत्येक वस्तूचं एका वाक्यात वर्णन करायचं, विशेषणं अगदी क्रमाने लावून. आपल्या बोलण्यात कसं, जुनी लाकडी पेटी म्हणा नाहीतर लाकडी जुनी पेटी म्हणा, ऐकणाऱ्याचं काही अडत नाही. इंग्रजीत विशेषणांनी रांग धरायची असते. आधी मत, मग माप, मग वय, मग आकार, मग रंग, मग ती वस्तू कुठली, मग कशाची आणि शेवटी कशासाठी. सुंदर, लहान, जुनी, चौकोनी, तपकिरी, लाकडी, शिवणाची पेटी. मध्ये कुणी घुसला की वाक्य फसलं.

सातवी वस्तू हीच पेटी होती. संचालकांच्या आईची. त्या बाईंनी शिवणकाम करता करता आळीतल्या चार मुलींना इंग्रजी शिकवलं आणि त्यातून पुढे ही संस्था उभी राहिली. कोपरे झिजलेले, रंग काळवंडलेला; आंधळ्यानेही हात फिरवून ‘जुनी’ म्हणावं अशी पेटी. आणि एकोणीस जणांनी ‘ओल्ड’च्या जागी ‘न्यू’ लिहिलं होतं.

दुपारपर्यंत उलगडा झाला. आदल्या दिवशी परत मिळालेल्या गृहपाठाच्या वह्यांमध्ये टाइप केलेला एकेक कागद निघाला. त्यावर बाराही वाक्यं तयार, आणि सातव्या वाक्यात ठळक ‘न्यू’. ज्या तिघांनी वह्या उघडल्याच नव्हत्या, ते बिचारे तेवढे बरोबर आले.

वह्या तपासल्या होत्या धाकट्या बाईंनी. पाच वाजता त्यांना कामावरून काढल्याची सूचना कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लागली, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण ती थांबून वाचू लागला.

२

या धाकट्या बाईंना घरी एक थोरली बहीण होती, आणि आपली गोष्ट आहे ती तिची.

थोरली विमा कंपनीत सर्वेयर होती. कुठे गोदाम जळालं, कुठे पाणी शिरलं, की ही जाऊन बघायची, की खरंच किती गेलं आणि माणूस किती फुगवून सांगतोय. पंधरा वर्षं लोकांच्या थापा ऐकून तिचे कान किटले होते. स्वभाव तिखट. धाकटीचा अगदी उलटा. ती मुंगीलासुद्धा बाजूला हो म्हणून सांगणारी.

त्या सूचनेनंतर वर्षभर धाकटीने या विषयावर तोंड उघडलं नाही. कुठली शाळा तिला दारात उभी करेना. शेवटी ती एका लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालायला लागली. घरात इंग्रजी बातम्या लागल्या की उठून आत जायची. थोरली कितीदा म्हणाली, मी जाते, एकेकाची उलटतपासणी घेते. धाकटीचं उत्तर एकच. “ताई, नको. माझी शपथ आहे.”

मग एका बुधवारी इस्त्रीच्या टेबलाखाली थोरलीला एक पाकीट सापडलं. शिक्षक मंडळाचं पत्र. संस्थेच्या तक्रारीवर सोमवारी निर्णय होणार होता. संस्थेने आपलं म्हणणं लेखी बदललं नाही, तर धाकटीला जन्मात कुठल्याही वर्गात शिकवता येणार नव्हतं.

“हे कधी आलं?”

“झाले दहा दिवस.”

“आणि तू घड्या घालत बसलीस?”

धाकटीने उशीचा अभ्रा सरळ केला. “ताई, मी त्या दिवशी वरच्या वर्गाच्या सरांकडे गेले होते. म्हटलं, सर, तुम्ही तरी सांगा यांना. सर कधी खोटं बोलत नाहीत, तुला माहितीय. एका मुलाने वाक्यात ‘माय रिच अंकल’ लिहिलं, तर काका खरंच श्रीमंत आहे का विचारलं त्याला. नाही म्हणाला, तर ‘पुअर’ करायला लावलं.”

“मग? काय म्हणाले तुझे सर?”

“म्हणाले, वह्या तुझ्याच होत्या.” तिने अभ्रा पुन्हा उलगडला. “खरंच होत्या ना माझ्याच. त्यापुढे मी काय बोलणार?”

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “तुझी शपथ गेली खड्ड्यात,” ती म्हणाली. “ज्याने हे केलंय त्याला मी सोडणार नाही. चारचौघांत तुझं नाव घालवलं ना, चारचौघांतच त्याचं घालवीन.”

रविवार सोडला तर हातात फक्त तीन दिवस होते.

३

संचालक गुळगुळीत माणूस. बोट ठेवाल तिथून निसटणारा.

“तुमचं दुःख समजतं मला,” ते म्हणाले. “पण तुम्हीच बघा. परीक्षेच्या आदल्या सकाळी वस्तू निवडल्या तेव्हा खोलीत आम्ही चौघं. मी, सर, तुमची बहीण आणि आमचे लिपिक. रांगेत एकही विशेषण इकडचं तिकडे न होता बारा वाक्यं लिहिणारी माणसं या संस्थेत दोनच. सर आणि ती. माझं इंग्रजी मी लोकांसमोर काढत नाही, आणि लिपिकाला तर विचारूच नका.”

“मग सर का नाहीत?”

संचालक हसले. “त्या कागदात चूक आहे, मॅडम. आईच्या पेटीला ‘न्यू’! सरांनी तीस वर्षांत चूक केलेली नाही. चूक आहे म्हणजे सर नाहीत. सर नाहीत म्हणजे ती.”

“दुसऱ्या दिवशीची खरी उत्तरतालिका कुणी केली होती?”

“तिनेच. त्यात ‘ओल्ड’ आहे. कागद टाइप करताना घाईत गफलत झाली असणार.” त्यांनी फाइल उघडून दाखवली. तालिकेखाली धाकटीची सही, आणि तिच्याखाली सरांचं आखीव अक्षर: ‘क्रम तपासला, बरोबर आहे.’

थोरलीने ती ओळ दोनदा वाचली. एवढ्यात बाहेर कुणीतरी हाक मारली म्हणून संचालक उठले. “शनिवारी सरांचा निरोप समारंभ आहे,” जाता जाता ते म्हणाले. “कृपा करून तोवर गडबड नको.”

कपाटावरच्या फळीवर ती पेटी होती. शेजारी पाटी: ‘हात लावू नये’. थोरलीने दोन्ही हात लावले. आधी झाकण उघडून आत नाक घातलं. मग बिजागऱ्या पाहिल्या. कोपऱ्यांवरून नख फिरवलं. किडीची भोकं मोजली, त्यांत टाचणी घालून बघितली. मग पेटी सरळ उलटी केली.

तिचा आयुष्यभराचा धंदा म्हणजे जुन्याला नवं म्हणून दाखवणारी माणसं पकडणं. आज पहिल्यांदाच तिला उलटा प्रकार दिसत होता, आणि ती एकटीच त्या खोलीत मोठ्याने हसली.

४

लिपिकाला घाम फुटायला तिने नुसतं खुर्ची ओढून बसणं पुरलं.

“मी काही केलेलं नाही, ताई.”

“मी कुठे म्हटलं? तुमचा मेहुणा होता ना त्या परीक्षेला? एकोणिसांत की तिघांत?”

टेबलाच्या खणाला लावलेलं कुलूप लिपिकाने उघडलं आणि सगळ्यात खालच्या रजिस्टरमधून एक घडी केलेला कागद काढला. “एकोणिसांत. साहेबांनी कागद गोळा करून जाळायला दिले. हा मेहुण्याचा मी मागे ठेवला. म्हटलं, उद्या आपल्यावरच शेकलं तर हाताशी असावा.” तो खाली बघायला लागला. “धाकट्या बाई चांगल्या होत्या. मी बोलायला पाहिजे होतं. पण माझी खुर्ची कुणी सांभाळली असती?”

“ती बाई वर्षभर दुसऱ्यांच्या चादरी घडी करतेय,” थोरली म्हणाली. “तुमची खुर्ची मात्र छान आहे.”

लिपिकाचे कान लाल झाले.

“ती पेटी कशी आहे हो? एका वाक्यात सांगा.”

“पेटी? लाकडी, लहान, चांगली, तपकिरी... अन् जुनीपुराणी. माझ्या आज्याच्या वयाची.”

रांगेचा पार बट्ट्याबोळ, पण बोलणं मनापासून होतं. थोरलीने कागद पर्समध्ये टाकला. “आणि त्या साली वर वर्गांत काय चाललं होतं? भांडणं, कुरबुरी?”

“भांडण नाही. पण सरांचा वर्ग ओस पडायला लागला होता. धाकट्या बाई पोरांच्या हातात एकेक पाटी द्यायच्या. एक पोर ‘लहान’, एक ‘जुना’, एक ‘निळा’. मग त्यांनी आपसांत धक्काबुक्की करत रांग लावायची. हसून हसून पुरेवाट, पण क्रम कधी विसरायची नाहीत. साहेब म्हणत होते, पुढल्या वर्षीपासून वरचा वर्ग त्यांनाच देऊ.”

“हे सरांना माहीत होतं?”

“सर दारातच उभे होते,” लिपिक म्हणाला, “साहेब हे बोलले तेव्हा.”

५

सर वरच्या वर्गात एकटेच बसले होते. भिंतीवर त्यांच्या हातचा तक्ता, आठ रकाने, अक्षरं छापल्यासारखी. शर्टाची इस्त्री कडक, डस्टर टेबलाच्या कडेला समांतर.

“या. बसा. तुम्ही तिच्या थोरल्या भगिनी.”

“तिनेच केलं असं वाटतं तुम्हाला?”

“संस्थेने चौकशी करून निर्णय घेतला,” सर म्हणाले.

“मी तुमचं विचारतेय.”

“माझं मत मला कुणी विचारलं नव्हतं.”

थोरलीच्या लक्षात आलं, हा माणूस दरवाजा उघडत नाही, पण भिंतीला दरवाजाही म्हणत नाही. तिने सूर बदलला. “सर, मला काही हे विशेषणांचं कळत नाही. धाकटी सांगायची, सरांसारखं कुणी शिकवत नाही. मला एकदा मराठीत करून दाखवा ना. ती खालची पेटी घ्या. ती कशी आहे?”

कौतुक ऐकून सरांचा चेहरा जरा सैल झाला. त्यांनी खडू उचलला आणि तक्त्याच्या रकान्यांवरून फिरवत म्हणाले, “सुंदर. लहान. चौकोनी. तपकिरी. लाकडी. शिवणाची.”

“बस?”

“बस.”

खडू तिसऱ्या रकान्यावरून नुसताच पुढे सरकला होता. तीस वर्षं ज्याने एकाही विशेषणाला रांग मोडू दिली नाही, त्याने एकाला रांगेतच उभं केलं नव्हतं.

“धाकटीवर तुमचा जीव होता, म्हणायची ती,” थोरली उठता उठता म्हणाली.

सरांनी डस्टर उचललं, परत होतं तिथे ठेवलं. “फार हुशार मुलगी,” ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

थोरली जिना उतरली ती थेट संचालकांच्या दारात.

६

“तुमच्या आईची पेटी कुठंय?” तिने विचारलं.

“ही काय इथे!”

“ही नव्हे. आईची.”

तिने पेटी खाली घेतली आणि एकेक करून दाखवलं. बिजागऱ्यांचे स्क्रू फुलीच्या खाचेचे, हल्लीचे. आईच्या काळातले असते तर एका सरळ चिरेचे असते. किडीची भोकं सगळी एका मापाची आणि टाचणी आत सरळ जाते. कीड काय पट्टी लावून पोखरते? कोपरे कानशीने घासलेले. आत सुयांचा एक ओरखडा नाही, लाकडाला अजून पॉलिशचा वास. आणि तळ स्वच्छ, जो पन्नास वर्षांत घासून घासून पांढरा पडायला हवा होता. “फार तर तीन वर्षांची आहे. कुणीतरी सुताराकडून जुनी करून घेतलीय.”

संचालकांचा चेहरा आधी पांढरा, मग तांबडा झाला. “माझ्या आईची पेटी!” ते ओरडले. “कुणी? कुणाची हिंमत झाली?”

एका मुलीचं आयुष्य उधळलं तेव्हा या गृहस्थाच्या कपाळाला आठी पडली नव्हती, आणि आता चार फळ्यांसाठी जीव कासावीस झाला होता. थोरलीला त्याचा राग आला, पण तो तिने पुढच्या वेळेसाठी राखून ठेवला. आत्ता तिला हा संताप कामाला लावायचा होता.

“तुम्ही म्हणालात, कागदात चूक आहे म्हणजे सर नाहीत,” ती म्हणाली. “साहेब, ती चूक नव्हतीच. पेटी नवीच आहे. एकोणीस जणांनी खरं तेच लिहिलं. आता सांगा, ही नवी आहे हे कुणाला ठाऊक होतं? तुम्हाला असतं तर आत्ता तुमचं हे असं झालं नसतं. लिपिक ती आज्याच्या वयाची समजतो, आणि त्याला रांग लावता येत नाही. धाकटीला ठाऊक असतं तर तिने खऱ्या तालिकेत ‘ओल्ड’ का लिहिलं असतं? आणि त्या तालिकेवर चौथ्या माणसाने काय लिहिलंय ते बघा. उत्तरं बरोबर आहेत असं लिहिलेलं नाही. क्रम बरोबर आहे, एवढंच लिहिलंय.”

संचालक खुर्चीत बसले. “पण सरांनी मुद्दाम नवी कशाला लिहावं? पकडलं जायला?”

“मुद्दाम नाही. तो माणूस पाप करू शकतो, पण उत्तर चुकीचं लिहू शकत नाही. दुसऱ्याच्या पोरीला फासावर देण्यासाठी केलेल्या कागदातसुद्धा नाही. हात आपोआप खरं लिहून गेला. आणि एकदा वह्यांत गेल्यावर मागे घेता येईना.”

“सिद्ध कसं करणार?”

“सिद्ध मी करणारच नाही,” थोरली म्हणाली. “शनिवारी ही पेटी फक्त व्यासपीठावर ठेवा. त्यांना एकदा वर्णन करायला सांगा. बाकी त्यांचेच विद्यार्थी करतील.”

७

शनिवारी अकरा वाजता सभागृह भरलं होतं. आजचे विद्यार्थी, जुने विद्यार्थी. त्या एकोणिसांतलेही सात-आठ आले होते. पुष्पगुच्छ झाला, भाषणं झाली. सरांच्या सचोटीवर तिघं बोलले. थोरली शेवटच्या रांगेत दात आवळून ऐकत होती. अंदाज चुकला, तर सोमवार काही थांबणार नव्हता.

संचालक उठले. “सरांचा एक शेवटचा धडा व्हायला हवा.” त्यांनी पेटी टेबलावर ठेवली. “आमच्या आईची पेटी. सर, होऊन जाऊ द्या.”

टाळ्या पडल्या. सर पेटीकडे बघत राहिले. मग खडू घेऊन फळ्यापाशी गेले.

“लव्हली,” त्यांनी लिहिलं. “स्मॉल.” खडू थबकला. मग भरभर: “स्क्वेअर. ब्राऊन. वुडन...”

“सर, एज राहिलं!” पुढच्या बाकावरून एक मुलगी ओरडली.

सर वळले नाहीत.

“सर, तिसरं एज!” आता चार-पाच जण. पाठोपाठ सगळं सभागृह हसत हसत कोरसमध्ये, जसं सरांनीच त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं: “ओपिनियन, साइझ, एज! सर, एज!” त्यांना वाटलं, सर मुद्दाम गाळताहेत, परीक्षा घेताहेत. पोरं खुशीत होती.

सरांच्या शर्टाची पाठ भिजली होती. ‘ओल्ड’, तीन अक्षरं. लिहिली असती तर पुष्पगुच्छ घेऊन घरी गेले असते, आणि थोरलीच्या हातात काही उरलं नसतं. त्यांनी खडू तिसऱ्या जागेपाशी नेला. एक उभी रेघ काढली. पुसली. सभागृह हळूहळू शांत झालं.

मग त्यांनी लिहिलं: ‘न्यू’.

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. थोरली उठली. चपलांचा आवाज करत मधल्या वाटेने थेट पुढे गेली आणि लिपिकाचा तो कागद फळ्याला चिकटवला. “सातवं वाक्य वाचा, सर. मोठ्याने. तुमचंच आहे.”

“खरी पेटी माझ्या हातून फुटली,” सर फळ्याकडे तोंड करूनच म्हणाले. “साहेब गावाला गेले होते. वर्गात दाखवायला नेली, आणि पडली. मी करून घेतली दुसरी. कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

“आणि कागद?”

त्यांनी खडू खाली ठेवला. “मी टाइप केले. मीच घातले वह्यांत. माझ्या वर्गात सहा जण उरले होते, आणि पलीकडून हसण्याचे आवाज यायचे. रोज.” ते वळले. डोळे वाहत होते, आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. “पण मी खोटं बोललो नाही. तिने केलं, असं मी एकदाही म्हटलं नाही.”

“नाही म्हटलंत,” थोरली म्हणाली. “वह्या तुझ्याच होत्या, म्हणालात. माझ्या बहिणीला तुम्ही खऱ्या शब्दांनी मारलंत. खोटं बोलला असतात तर तिने निदान तुम्हाला शिव्या तरी दिल्या असत्या. ती वर्षभर तुम्हाला देव मानून स्वतःलाच खात बसली.”

एकोणिसांतला एक जण उठला आणि न बोलता बाहेर गेला. मग दुसरा. सर त्या प्रत्येकाच्या पाठीकडे बघत होते.

८

संचालकांनी थोरलीला बाजूला घेतलं. गुळगुळीतपणा परत आला होता. “झालं ते झालं. मंडळाला मी आजच पत्र देतो, तिला परत घेतो. पण सरांचं वय बघा. ही गोष्ट या चार भिंतींतच राहू दे.”

“तिची राहिली होती?” थोरलीने विचारलं. “फळ्यावर लावली होती तुम्ही. त्याच फळ्यावर, त्याच खिळ्यांना हे लागणार. सरांच्या हातचं, सरांच्या सहीचं. आणि त्याखाली तुमची माफी, तुमच्या सहीची. तुम्ही पेटीसाठी ओरडलात तेवढ्या मोठ्या अक्षरांत.”

संचालकांनी मान खाली घातली. सर टेबलाशी बसून लिहू लागले. त्यांनी पानभर लिहिलं, एकही शब्द खोडला नाही. थोरलीने ते वाचलं. सगळं खरं होतं, आणि यावेळी काही गाळलेलं नव्हतं. दोन प्रती झाल्या, एक फळ्यासाठी, एक मंडळासाठी. ती व्हरांड्यात गेली आणि तिने लाँड्रीत फोन लावला.

“ताई?” मागे यंत्रांची घरघर होती.

“सुटलीस गं बाई. सर होते. सगळ्यांसमोर कबूल केलं. पत्र माझ्या हातात आहे.”

थोरलीला वाटलं, आता ही म्हणणार, जाऊ दे ताई, म्हातारा माणूस आहे, सोडून दे. तसं म्हणाली असती तर थोरलीने तिच्यासाठी सोडूनही दिलं असतं.

“रडले का?” धाकटीने विचारलं.

“हो. सगळ्यांदेखत.”

“बरं झालं.” आवाज अगदी शांत होता. असा आवाज थोरलीने बहिणीच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. “ताई, ते पत्र फळ्यावर लावू नकोस अजून. ते त्यांनी मला वाचून दाखवायचं. उभं राहून, माझ्या वर्गात, पहिल्या ओळीपासून. मी निघतेय. त्यांना जाऊ देऊ नकोस.”

थोरली आत आली. सभागृह रिकामं झालं होतं. सरांनी पिशवी उचलली होती आणि एक हात दाराच्या कडीवर होता.

“बसा, सर,” ती म्हणाली. “ती येतेय.”

सरांनी पिशवी खाली ठेवली. पहिल्या बाकावर, जिथे नेहमी विद्यार्थी बसायचे, तिथे ते जाऊन बसले. लाँड्रीपासून इथवर यायला चाळीस मिनिटं लागायची. थोरलीने दार लावून घेतलं आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढली.